शेजारचा विस्तव

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

'निर्यात' हा शब्द आपल्याकडे नेहमी कौतुकानेच उच्चारला जातो. पाठ्यपुस्तकातल्या आलेखात निर्यातीची रेघ वर चढू लागली की त्या देशाचे दिवस पालटले असे आपण धरून चालतो. कापूस, तयार कपडे, यंत्रे यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही असेल. परंतु कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांच्या निर्यातीकडे, त्यातही एका शेजारी देशाने दुसऱ्या शेजारी देशाला केलेल्या निर्यातीकडे, त्याच नजरेने पाहणे मला पटत नाही. विकणाऱ्याच्या स्वतःच्या घरात चूल पेटली आहे काय, आणि घेणाऱ्याची चूल यापुढे कोणाच्या मर्जीवर जळणार आहे, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज इंधन-निर्यातीच्या आकड्याला टाळी देऊ नये, असे माझे मत आहे. आपल्या भोवतालच्या देशांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे घडले ते वाचून मी या मतापर्यंत आले आहे.

आमची आजी सांगते की तिच्या लहानपणी गावात काड्यापेटी फार जपून वापरीत. ज्या घरची चूल आधी पेटे त्या घरी शेजारणी गोवरीचा तुकडा घेऊन विस्तव मागायला जात. त्याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. दोन घरांत भांडण झाले की मात्र विस्तव बंद! देशादेशांतल्या इंधनाच्या व्यवहाराला हा दाखला निम्माच लागू पडतो. विस्तव दिल्याने देणारीची चूल काही विझत नसे. जमिनीखालचा वायू मात्र एकदा नळातून गेला की गेलाच. भांडणाचा भाग तेवढा जसाच्या तसा लागू आहे.

आधी विकणाऱ्याच्या घराकडे पाहू. आपला पूर्वेकडचा शेजारी म्यानमार हा वायू विकणारा देश आहे. त्याच्या समुद्रातील एका वायुक्षेत्राचे नाव यादाना. ब्रह्मी भाषेतला हा शब्द पालीतल्या 'रतन' शब्दापासून आलेला, म्हणजे आपले रत्नच. या रत्नाचा वायू १९९८ सालापासून नळवाहिनीने थायलंडला जाऊ लागला. राखाइन प्रांताच्या किनाऱ्याजवळचे दुसरे क्षेत्र श्वे, म्हणजे सोने. तेथील वायू क्यौकफ्यू येथे किनाऱ्याला लागतो आणि २०१३ सालापासून जवळजवळ आठशे किलोमीटर देश ओलांडून चीनच्या युन्नान प्रांतात जातो. रत्नही गेले आणि सोनेही गेले. या विक्रीतून म्यानमारच्या सरकारला परकीय चलन किती मिळाले हे सांगायला अर्थतज्ज्ञ पुष्कळ आहेत. नैसर्गिक वायू ही त्या देशाची कित्येक वर्षे सर्वांत मोठी कमाई होती. पण २०१४ साली तेथे जनगणना झाली, तेव्हा देशातील सुमारे एक तृतीयांश घरांतच विजेचा दिवा होता. ज्या राखाइनच्या किनाऱ्यावरून सोने जाते तेथे हे प्रमाण शंभरात जेमतेम तेरा घरे, आणि ज्या तनिन्थारी प्रांतातून रत्नाची नळवाहिनी थायलंडकडे वळते तेथे ते शंभरात आठांच्या आसपास. बँकॉकच्या दुकानांतील दिवे ज्या वायूवर उजळत होते, तो वायू ज्यांच्या शेताखालून जात होता ती माणसे मेणबत्ती आणि रॉकेल विकत घेत होती.

नळ टाकताना गावकऱ्यांना वेठीस धरले, सैनिकांनी त्यांच्यावर अत्याचार केले, अशी फिर्याद काही ग्रामस्थांनी १९९६ साली थेट अमेरिकेतील न्यायालयात युनोकाल या तेल कंपनीविरुद्ध केली आणि २००५ साली तिची तडजोड झाली. इतक्या दूरच्या न्यायालयाचा उंबरठा त्या शेतकऱ्यांनी झिजवला याचे मला फार नवल वाटते. पुढे २०२१ साली लष्कराने तेथे पुन्हा सत्ता बळकावली. मानवी हक्कांची स्थिती बिघडल्याचे कारण देऊन फ्रान्सच्या टोटल कंपनीने २०२२ साली यादानातून अंग काढून घेतले. वायू वाहायचा काही थांबला नाही. यांगून शहरात मात्र त्याच काळात तासन्‌तास वीज जात होती.

येथे एक गोष्ट आपल्या देशासंबंधी सांगितली पाहिजे. श्वे क्षेत्रात ओएनजीसी विदेश आणि गेल या आपल्या सरकारी कंपन्यांचा वाटा होता. तो वायू बांगलादेशमार्गे भारतात आणावा म्हणून मणिशंकर अय्यर पेट्रोलियम मंत्री असताना, जानेवारी २००५ मध्ये, यांगून येथे तीन देशांची बोलणीही झाली. बांगलादेशाने बदल्यात नेपाळ आणि भूतानकडे व्यापाराची व विजेची वाट मागितली. आपण घासाघीस करीत राहिलो, आणि म्यानमारने तो वायू चीनला देऊन टाकला. शेतात आपला वाटा आणि पीक गेले दुसऱ्याच्या खळ्यावर, असा तो प्रकार झाला. शेजाऱ्याला चार हात वाट देण्याचे जिवावर आले की असे होते.

बांगलादेशाची कथा याच्या उलट आहे आणि मला ती अधिक विचार करायला लावणारी वाटते. सिल्हेट भागात तेथे १९५५ सालापासून वायू सापडत आला आहे. २००० सालाच्या पुढेमागे बिबियाना क्षेत्रातील वायू नळाने भारताला विकावा असा प्रस्ताव पुढे आला; प्रस्ताव आणणारी कंपनी पुन्हा युनोकालच. देशात प्रचंड वादळ उठले. 'आमच्या पन्नास वर्षांच्या गरजेपुरता साठा आधी बाजूला ठेवा, मग विक्रीचे बोला' अशी भूमिका शेख हसीना यांनी घेतली, आणि वायू विकायला नकार दिला म्हणूनच २००१ ची निवडणूक आपण हरलो असे त्या पुढे वारंवार सांगत आल्या. त्यांचे ते कारण खरे की सोयीचे, हे बाजूला ठेवू. नंतर आलेल्या सरकारलाही वायू विकण्याची छाती झाली नाही हे तर खरेच. पुढे २००६ साली फुलबारी येथे उघड्या कोळसा खाणीची योजना आली. त्या कोळशाचा मोठा भाग परदेशी जायचा होता आणि हजारो माणसांची शेतीभाती व घरेदारे जाणार होती. २६ ऑगस्टला लोक रस्त्यावर उतरले. गोळीबारात तीन जण मरण पावले. खाण आजवर झालेली नाही.

आता कोणी म्हणेल, विकले नाही म्हणून बांगलादेशाचे काय भले झाले? २०१८ सालापासून तोच देश कतारसारख्या दूरच्या देशांतून जहाजाने द्रवरूप वायू आणतो आहे. २०२२ साली युक्रेनच्या युद्धामुळे त्याचे भाव इतके भडकले की तेथील सरकारला बाजारातील तातडीची खरेदीच थांबवावी लागली आणि देशभर भारनियमन करावे लागले. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण थोडा विचार करा. जो वायू ठेवूनही आज पुरत नाही, तो वीस वर्षांपूर्वी विकून टाकला असता तर जहाजे आजच्यापेक्षा जास्त लागली असती की कमी? चूक नकारात नव्हती. नकार दिल्यावर नवे साठे शोधायचे जे काम नेटाने करायला हवे होते ते झाले नाही. समुद्रातील हद्दीचा म्यानमारशी असलेला तंटा २०१२ साली आणि भारताशी असलेला २०१४ साली सुटला, तरीसुद्धा खोल समुद्रातील शोध रेंगाळतच राहिला. धान्य विकले नाही हे ठीक, पण शेतही पडीक ठेवले.

इथवरचे चित्र जमिनीखालचा माल विकणाऱ्या गरीब देशांचे झाले. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत या व्यापाराने कूस पालटली आहे. आपल्या भागात शेजाऱ्यांना इंधन पुरवणारा मोठा देश आज भारत आहे, आणि गंमत अशी की भारताजवळ स्वतःचे तेल फारसे नाही! १९७४ साली मुंबई हायला तेल लागले तेव्हा देशभर केवढा आनंद झाला होता असे वडीलधारे सांगतात. आज आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरातले पंच्याऐंशी भाग आणि त्याहूनही अधिक आपण बाहेरून आणतो. मग विकतो काय? तर दुसऱ्याचे तेल आणून, ते शुद्ध करून, डिझेल, पेट्रोल आणि विमानाचे इंधन विकतो. दळण दुसऱ्याचे, गिरणी आपली. जामनगरचा तेलशुद्धीकरण कारखाना १९९९ साली सुरू झाला. २००८ च्या अखेरीस त्याला जोडून उभारलेला दुसरा कारखाना तर मुख्यतः निर्यातीसाठीच होता. अशा सगळ्या कारखान्यांतून २०२२-२३ आणि २०२३-२४ या वर्षांत प्रत्येकी सहा कोटी टनांहून अधिक माल परदेशी गेला. त्यातला मोठा भाग युरोप आणि इतर दूरच्या देशांत जातो. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका यांचा वाटा आकड्याने लहान आहे. पण आपल्याला जे लहान वाटते तेच त्यांचे सर्वस्व असते. नेपाळजवळ ना तेल, ना शुद्धीकरणाचा कारखाना, ना समुद्रकिनारा. तेथील प्रत्येक मोटार, प्रत्येक ट्रक, प्रत्येक गॅसची शेगडी भारतातून आलेल्या इंधनावर चालते.

गिरणीवाल्यालाही आधी घरचे दळण की बाहेरचे हा प्रश्न सुटत नाही. २०२२ च्या जूनमध्ये बाहेरचे भाव इतके चढले की खाजगी कंपन्यांना देशातल्या पंपांपेक्षा परदेशी विकणे परवडू लागले, आणि काही राज्यांत पंप कोरडे पडल्याच्या बातम्या आल्या. १ जुलैला सरकारने निर्यातीवर जादा कर बसवला. तो २०२४ च्या डिसेंबरात उठवला. म्हणजे निर्यात सदैव चांगली हे तत्त्व सरकारलाही अडचणीच्या वेळी बाजूला ठेवावे लागले.

माल नेण्याची रीतही बदलली आहे. पूर्वी टँकर आणि रेल्वेच्या वाघिणी जात. आता नळ जातात. १९९६ साली प्रथम सुचवलेली मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची नळवाहिनी १० सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाली. १८ मार्च २०२३ रोजी सिलिगुडीहून बांगलादेशातील पार्वतीपूरपर्यंत सुमारे १३० किलोमीटरची वाहिनी सुरू झाली. तिच्यातून वर्षाला दहा लाख टन डिझेल जाऊ शकते. हे डिझेल आसामातील नुमालीगढ कारखान्याचे. या कारखान्याचा जन्म ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९७९ ते १९८५ या काळात आसामात जे आंदोलन झाले ते बांगलादेशातून येणाऱ्या लोंढ्याविरुद्ध होते, आणि 'रक्त देऊ पण तेल देणार नाही' अशा घोषणेने आंदोलकांनी आसामचे तेल बिहारच्या कारखान्याकडे जाणे अडवले होते. १९८५ च्या आसाम करारात राज्याला नवा तेल कारखाना देण्याचे वचन मिळाले, तेच हे नुमालीगढ. त्याचेच डिझेल आज बांगलादेशातील शेतकऱ्याच्या पंपात जाते. इतिहासाची चेष्टा म्हणावी की शहाणपण? मला ते शहाणपण वाटते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ढाक्यात सत्तापालट होऊन दोन्ही सरकारांतील संबंध ताणले गेले, त्यानंतरही डिझेलचा हा व्यवहार मोडला नाही, ही बाब मी आपल्या बाजूने जमेस धरते.

नेपाळच्या बाबतीत मात्र असे म्हणता येत नाही. १९८९ च्या मार्चमध्ये व्यापार आणि मालवाहतुकीचे करार संपले तेव्हा भारताने सरहद्दीवरील दोन सोडून बाकी सर्व वाटा बंद केल्या. रॉकेलची टंचाई झाली आणि लोकांनी जळणासाठी कुऱ्हाडी घेऊन जंगल गाठले. पुढे २०१५ साली २५ एप्रिलला भीषण भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसे मेली. घरे अजून उभी राहिली नव्हती तोच २० सप्टेंबरला नेपाळने नवी राज्यघटना स्वीकारली. तराईतील मधेशी जनतेला ती अन्यायाची वाटली आणि सरहद्दीवर अडवणूक सुरू झाली. आम्ही काही रोखलेले नाही, वाटेवर अशांतता असल्याने ट्रकचालक पुढे जायला धजत नाहीत, असे भारत सरकार सांगत राहिले. नेपाळी जनतेचा त्यावर विश्वास बसला नाही. अडवणूक फेब्रुवारी २०१६ पर्यंत चालली. काठमांडूत पेट्रोल काळ्या बाजारात गेले, औषधांचा तुटवडा पडला, गॅस नाही म्हणून अंगणात तीन दगड मांडून लाकडावर स्वयंपाक झाला, अर्धे भरलेले सिलिंडर वाटण्याची पाळी आली. तेही ऐन थंडीत, तंबूत राहणाऱ्या माणसांवर.

मधेशींची मागणी रास्त होती की नव्हती, यावर आमच्या वर्गात बराच वाद झाला. माझ्या मते त्यांच्या काही मागण्या रास्त होत्या. पण बाळंतिणीच्या खोलीतले पाणी तापवायला गॅस नसणे हा त्यावरचा इलाज कसा होऊ शकतो? वर्गातील एका मित्राचे म्हणणे असे की, आपले इंधन, आपला नळ. शेजारी वाकडा वागला तर किल्ली फिरवायची नाही तर मग एवढे सामर्थ्य कमावले कशाला? हा विचार पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. किल्ली फिरवून भारताने मिळवले काय? राज्यघटनेत फारसा मोठा बदल झाला नाही. चीनने त्याच सुमारास तेरा लाख लिटर पेट्रोल नेपाळला फुकट पाठवले आणि २०१६ च्या मार्चमध्ये नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला. हिमालय ओलांडून पेट्रोल आणणे परवडत नाही हे नेपाळी माणसालाही समजते. पण जो मनाने दूर गेला तो गेलाच.

उलट २०२२ साली श्रीलंकेत पेट्रोलसाठी लोक दिवस-दिवस रांगेत उभे होते, काही जण त्या रांगांतच मरण पावले, तेव्हा भारताने इंधन-खरेदीसाठी पन्नास कोटी डॉलरचे कर्ज देऊन जहाजे पाठवली. त्याचे जे नाव झाले ते कोणत्याही धमकीने झाले नसते.

नेपाळने या अनुभवावर शोधलेले उत्तर मला फार आवडले. नद्या त्यांच्याजवळ होत्याच. विजेच्या शेगड्या आल्या, आणि अलीकडे बाहेरून येणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक विजेवर चालणाऱ्या आहेत. २०२१ च्या नोव्हेंबरपासून नेपाळ भारताला वीज विकू लागला. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याने ४० मेगावॅट वीज बांगलादेशालाही दिली. ती वीजसुद्धा भारताच्या तारांतूनच जाते, हे विसरून चालणार नाही. २००५ साली बांगलादेशाने जी वाट मागितली होती ती अशी एकोणीस वर्षांनी, थोडी का होईना, मोकळी झाली. तोपर्यंत श्वेचा वायू अकरा वर्षे चीनला जात होता.

शेवटी झारखंडबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण मी स्वतः वणीकडच्या कोळसापट्ट्यातली आहे. वडिलांनी उमेदीची वर्षे सायडिंगवर कोळसा उतरवण्यात घालवली. भारनियमनाच्या दिवसांत आमच्याकडे कोळशाच्या गाड्या रात्रभर जात आणि आम्ही अंधारात बसत असू, त्यामुळे राखाइनच्या मेणबत्त्या मला परक्या वाटत नाहीत. झारखंडात गोड्डा येथे अदानी समूहाचे १६०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. ते बांगलादेशाला वीज विकण्यासाठीच उभारले आणि २०२३ सालापासून तेथून वीज जाऊ लागली. झारखंड म्हणजे कोळशाचे माहेर, पण या केंद्रात जळतो तो समुद्रापलीकडून आणलेला कोळसा. म्हणजे कोळसा परदेशचा, वीजही परदेशची. गोड्ड्याच्या वाट्याला राख, धूर आणि गेलेली जमीन. बांगलादेशाकडे बिलांची थकबाकी साचली तेव्हा २०२४ च्या ऑक्टोबर अखेरीस पुरवठा निम्म्यावर आणला गेला. थकलेले पैसे मागण्यात गैर काही नाही. परंतु दुकानदार उधारी वसूल करताना वाटाणे द्यायचे थांबवतो, आणि येथे इस्पितळाचा दिवा थांबतो, एवढा फरक दोन्ही सरकारांनी मानला पाहिजे.

माझी सूचना साधी आहे. शेजाऱ्याशी इंधनाचा करार करताना स्वयंपाकाचा गॅस, इस्पितळे आणि पिण्याच्या पाण्याचे पंप यांना लागणारे इंधन कोणत्याही राजकीय तंट्यात थांबवले जाणार नाही, असे कलम त्यात लिहून घालावे. पुरवठा कमी करायचाच झाला तर किती दिवस आधी कळवायचे तेही लिहावे. असे करार आपल्या संसदेपुढे यावेत. ज्या जिल्ह्यातून माल जातो त्या जिल्ह्याला त्यातले काय मिळते हेही त्यात असावे. इंडियन ऑइल आणि नेपाळ ऑइल निगम यांच्यातील पुरवठ्याचा करार पाच-पाच वर्षांनी नवा होतो, २०१७ साली झाला, २०२२ साली झाला. तो पुन्हा टेबलावर येईल तेव्हा त्या कलमासाठी अर्धे पान पुरेल.